कऱ्हाळे सरांचा एक थर

भिंत शिकवणं वेगळं आणि भिंत बांधणं वेगळं, हे आदिनाथ कऱ्हाळे सरांना नोकरीच्या तेविसाव्या वर्षी कळलं आणि तेही चारचौघांत कळलं. इतका उशीर झाल्यावर शहाणा माणूस नवीन काही कळून घेण्याच्या फंदात पडत नाही. सरही पडले नसते. पण परभणीहून पाथरीला जाणाऱ्या रस्त्याला, कापसाच्या रानात जे आर्किटेक्चर कॉलेज उभं आहे, तिथं दुसऱ्या वर्षाच्या वैष्णवी नावाच्या मुलीनं भर वर्गात विचारलं, "सर, तुम्ही विटांची रचना फळ्यावर लय भारी काढता. पण खरी भिंत अशी असती का हो कुठं?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत, कारण त्यांना उत्तर येत नव्हतं. आपल्याकडच्या झाडून सगळ्या भिंती गिलाव्याच्या आत असतात. आत वीट कशी बसली आहे हे ती बसवणाऱ्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक.

सरांचा विषय 'बांधकामाची तत्त्वे'. त्यातलं पहिलं तत्त्व असं, की खालच्या थरातल्या उभ्या सांध्यावर वरच्या थराचा उभा सांधा येता कामा नये. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथंच उभी फाटते. म्हणून एकाआड एक थरात कोपऱ्यातल्या विटेला लागून एक लांबीत चिरलेली अर्धी वीट बसवायची. तेवढ्यानं पुढचे सगळे सांधे सरकतात. पुस्तकात या चिरलेल्या विटेला क्वीन क्लोजर म्हणतात. तोंडी परीक्षेत मुलानं चित्र पुढं केलं की सर पहिला प्रश्न विचारायचे, "राणी कुठंय?" ती नसली की गेले पाच मार्क. तेवीस वर्षांत त्यांनी या एका राणीपायी इतक्या पोरांना रडवलं होतं, की त्यांच्या पाठीमागं सगळं कॉलेज त्यांना राणीसाहेब म्हणायचं. हे सरांना माहीत होतं. तो मान आहे असं त्यांनी समजून घेतलं होतं.

आता याच सुमारास संस्थेचे सचिव बजरंगराव यांनी कुठल्याशा कंपनीकडून व्हिडिओंचा एक संच आणला होता. पडद्यावर विटा उडत उडत यायच्या आणि आपोआप भिंत व्हायची, मागं संगीत. बजरंगराव खूश. त्यांनी सरांना बोलावून घेतलं.

"सर, आता कशाला घसा कोरडा करायलाव? पडद्यावर समदं येतंय. तुमी आपलं होस्टेल सांभाळा. रेक्टर न्हाई तिथं."

होस्टेल सांभाळायचं म्हणजे कोणाची बादली कोणी नेली याचा तपास करायचा. त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. कविता नव्हती, राजकारण नव्हतं, शेती भावाकडं होती. हा एक विषय होता. ते म्हणाले, "साहेब, बांधकाम हाताला लागल्याशिवाय कळत नाही. मी पोरांना खरी भिंत बांधून दाखवतो."

बजरंगरावांनी दाढी खाजवली. "बांधा की. डिसेंबरात तपासणी समिती यायलीय. त्यांला तुमची भिंत पसंत पडली तर विषय तुमचा. न्हाई पडली तर होस्टेल."

अशा रीतीनं दहा फूट लांब, आठ फूट उंच आणि एक वीट जाड अशी एक भिंत बांधायचं ठरलं. त्या भिंतीला छप्पर नव्हतं, खोली नव्हती, कशाचा कशाला आधार नव्हता. इतक्या निरुपद्रवी वस्तूला कोणी आडवं येईल असं कोणालाही वाटलं नसतं.

आडवे आले ते ऑफिसातले मुंजाजी. त्यांचा प्रश्न साधा होता. ही भिंत 'इमारत' या सदरात घ्यायची की 'शैक्षणिक साहित्य' या सदरात? इमारत म्हटलं तर नकाशा, मंजुरी, संस्थेचा ठराव, आणि ठरावाची सभा मार्चात. तेव्हा सर म्हणाले, साहित्य. मुंजाजींनी साहित्याचा छापील अर्ज दिला. त्यात पाचवा रकाना होता: 'सदर वस्तू कोणत्या कपाटात ठेवणार?' सरांनी लिहिलं, 'कपाटात मावणार नाही.' चार दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता, 'कपाटाचे माप कळवावे.' सरांनी कॉलेजातल्या सगळ्यात मोठ्या कपाटाचं माप कळवलं. आठवड्यानं दुसरा शेरा आला, 'वस्तू कपाटापेक्षा मोठी आहे, लहान वस्तू मागवावी.' शेवटी ऋतिका नावाची वैष्णवीची मैत्रीण कामाला आली. तिनं पाचव्या रकान्यात 'कपाट क्रमांक सात' असं बिनधास्त लिहून दिलं. कपाट क्रमांक सात अस्तित्वात नव्हतं. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.

मिस्त्री आणला झरीचा, वाल्मीक. पन्नाशीचा, अबोल, हाताची बोटं चुन्यासिमेंटनं खाल्लेली. त्यानं जागा बघितली, पायानं माती उकरली आणि म्हणाला, "काळी हाय. किती खंदायचं?"

सरांचं दुसरं तत्त्व असं, की काळ्या मातीवर पाया ठेवायचा नाही. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि वरच्या घराला नाचवते. मुरूम लागेपर्यंत खोदायचं. "मुरूम लागेपर्यंत," सर ठामपणे म्हणाले. तत्त्व ते तत्त्व.

मुरूम दहा फुटांवर लागला. आठ फुटी भिंतीसाठी दहा फुटी खड्डा. पोरं आळीपाळीनं खोदत होती. येणारेजाणारे मोटारसायकल थांबवून विचारायचे, "सर, विहीर घ्यायलाव का? पाणी न्हाई लागायचं इथं." एकानं तर पाणी बघणारा माणूस आणून दिला. त्यानं हातात नारळ धरून खड्ड्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि जाताना सरांना दिलासा दिला, "बाजूला बारा हात सरका, लागतंय." सरांनी मान डोलावली. समजावून सांगायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

पाया भरला. भिंत जोत्यावर आली. आता भिंतीत एक दार ठेवायचं होतं, कारण दारावरची तुळई कशी बसते हे पोरांना दाखवायचं होतं. वाल्मीकनं चौकट उचलली, जागेवर नेली आणि परत खाली ठेवली.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"पूजा कदी हाय?"

"कसली पूजा?"

"चौकटीची. बिनापूजेची चौकट मी आजवर बसिवली न्हाई सर. मालक-मालकीण लागतेत, हळदीकुंकू लागतंय, आंब्याचा डहाळा लागतोय."

"अरे, पण हे घर नाही. दाराच्या मागं काहीच नाही."

"मागं कायबी नसंल, चौकट तर हाय न्हवं?" वाल्मीक म्हणाला आणि विटांच्या ढिगावर जाऊन बसला. काम थांबलं. मिस्त्री बसला की प्राध्यापकाचं काही चालत नाही.

सरांनी घरी जाऊन बायकोला, राजेश्रीबाईंना सांगितलं. एकोणीस वर्षं त्या भाड्याच्या घरात राहत होत्या. त्यांच्या नावावर एक प्लॉट होता, पण त्याची माती सरांना पटत नव्हती, दिशा पटली तर उतार पटत नव्हता, आणि मिस्त्री तर कोणताच पटत नव्हता. बांधकामाची तत्त्वं इतकी पाठ असली की घर होत नाही. राजेश्रीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे कॉलेजच्या दाराला हळदीकुंकू वाहायचं मी?" आणि कपाटातून ठेवणीतली साडी काढली.

हे शेजारच्या बन्सीधरकाकांनी ऐकलं. बन्सीधरकाका पूर्णेला रेल्वेत होते, आता निवृत्त. त्यांना फुरसत भरपूर आणि भिंती पातळ. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, की कऱ्हाळे सरांनी अखेर बांधकाम काढलं, उद्या चौकट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कापसाच्या रानात, एका उघड्या जोत्यासमोर, नऊ बायका आहेराची पातळं घेऊन उभ्या. बन्सीधरकाका सगळ्यांच्या पुढं.

"दार कुणीकडं केलंय हे?" काकांनी होकायंत्र काढलं. रेल्वेतून निवृत्त होताना ते त्यांच्याबरोबर आलं होतं. "दक्षिण! सर, दक्षिणेला दार?"

"काका, दाराच्या मागं घर नाही."

"मग तर जास्तच वाईट की हो! घर असतं तर आतून कायतरी तोड काढली असती."

पूजा झाली. नारळ फुटला. पेढे वाटले. बायकांनी कौतुकानं विचारलं, स्वयंपाकघर कोणत्या अंगाला? राजेश्रीबाई पदर सावरून उंबऱ्यातून पलीकडं गेल्या, कापसात उभ्या राहिल्या, चौफेर बघितलं आणि परत आल्या. "घर चांगलंय," त्या सरांना हळूच म्हणाल्या, "हवा खेळती हाय." सरांनी खाली बघितलं. त्या दिवशी त्यांना पेढा गोड लागला नाही.

भिंत चढू लागली. पोरं विटा भिजवत होती, सिमेंट-वाळूचा माल कालवत होती, भिंत सरळ चढते का बघायला ओळंबा धरत होती. एकेक थर एकेका जोडीनं रचला. वाल्मीक मागं उभा राहून नुसता "हं" म्हणायचा. दोन प्रकारचे हं होते. एक बरोबरचा आणि एक चुकीचा. चुकीचा ऐकला की पोरं मुकाट्यानं वीट काढायची. फळ्यावर सहा महिन्यांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते आठ दिवसांत हातात आलं. सर खुर्ची टाकून बघत बसायचे आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना आपल्या विषयाचा अभिमान वाटायचा.

मग छातीइतक्या उंचीवर वैष्णवी म्हणाली, "सर, हा थर तुम्ही रचून दाखवा ना."

इथं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सरांनी आयुष्यात कधी थापी हातात धरली नव्हती. फळ्यावर त्यांनी विटांचे हजारो थर काढले होते, खडू संपला होता, खांदा दुखला होता, पण विटेचं वजन किती असतं हे त्यांना माहीत नव्हतं. नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी बाह्या सारल्या, थापी घेतली आणि रचता रचता शिकवू लागले. सांध्यावर सांधा न येऊ देणारी सांधमोड म्हणजे काय, राणी कुठं येते, ती नसली तर काय अनर्थ होतो, कोणत्या वर्षी कोणत्या पोरानं राणी विसरून भिंत कशी फाडली असती, हे सगळं त्यांनी इतक्या रंगात येऊन सांगितलं, की थर कधी पुरा झाला ते त्यांनाही कळलं नाही. ऋतिकानं फोटो काढले. वाल्मीकनं त्या थराकडं बघितलं. ना बरोबरचा हं, ना चुकीचा. सरांना वाटलं, मिस्त्रीचे शब्द खुंटले. त्यांनी हात धुतले आणि सांगितलं, "या थराला कोणी हात लावायचा नाही." वाल्मीकनं त्या थराच्या कोपऱ्यावर बाहेरून थापीभर माल फासला आणि वरचे थर झपाट्यानं चढवून टाकले.

त्यानंतर सर रोज मधल्या सुट्टीत येऊन आपला थर बघून जायचे. आपल्या लेकराचं नाक आपल्याला कधी वाकडं दिसत नाही.

डिसेंबर आला. तपासणीच्या चार दिवस आधी बजरंगराव भिंत बघायला आले. त्यांचं तोंड उतरलं.

"सर, ही आशी उघडीच ठिवायची?"

"हो साहेब. विटांची रचना दिसली पाहिजे."

"आवो, पाव्हणे यायलेत दिल्लीहून! घरात कोणी मेल्यावानी दिसायलीय भिंत. गिलावा करून घ्या. रंग मारा. इंतजाम मी करतो."

सरांनी जीव तोडून सांगितलं की गिलावा केला तर भिंत आणि ठोकळा यांत फरक उरणार नाही, अख्खी दोन महिन्यांची मेहनत पोटात जाईल. मग त्यांनी पोरांकडं वळून म्हटलं, "सांगा रे साहेबांना."

पोरं एकमेकांकडं बघू लागली. वैष्णवी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, "सर, होऊ द्या ना गिलावा."

"काय?"

"बरं दिसंल, सर," ऋतिका म्हणाली.

सरांनी वाल्मीककडं बघितलं. वाल्मीक आभाळाकडं बघत होता. "गिलाव्यात लय गोष्टी झाकतेत सर," तो म्हणाला. "झाकू द्या."

सचिवाचं त्यांना काही वाटलं नाही, सचिव असेच असतात. पण ज्या पोरांसाठी दहा फूट खोदलं तीच फिरली, हे त्यांच्या काळजाला लागलं. ते घरी गेले, दोन दिवसांची रजा टाकली आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. भाड्याच्या घराची भिंत होती ती. तिच्यातही आत काय होतं कोणास ठाऊक.

परत आले तेव्हा भिंत पिस्ता रंगाची झाली होती. खाली चॉकलेटी पट्टा. दाराच्या वर कमानीत लिहिलेलं, 'सहर्ष स्वागत'. उंबऱ्यात तुळशीची कुंडी.

समिती आली. एक वयस्कर बाई आणि एक तरुण गृहस्थ. बजरंगरावांनी त्यांना थेट पडद्यासमोर नेलं. विटा उडाल्या, संगीत वाजलं. तरुण गृहस्थांनी मान डोलावली. बाईंनी कागद चाळले आणि मराठीत विचारलं, "इथं लिहिलंय की विद्यार्थ्यांनी भिंत बांधली आहे. ती दाखवता?"

सगळे रानात आले. बाईंनी पिस्ता रंग बघितला, स्वागत वाचलं, तुळस बघितली. दारातून पलीकडं गेल्या, परत आल्या. "हिच्यातून विद्यार्थी काय शिकतात?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. बजरंगरावांनी सरांकडं असं बघितलं की होस्टेलच्या किल्ल्याच दिसल्या.

"मॅडम, ते आत आहे," सर म्हणाले.

"आत म्हणजे?"

सर थकले होते. अर्जाला थकले होते, खड्ड्याला, होकायंत्राला, पेढ्यांना, पोरांना. त्यांनी वाल्मीकच्या पिशवीतून हातोडी काढली आणि भिंतीसमोर उभे राहिले.

"सर, डावीकडून फोडा!" वैष्णवी ओरडली.

"सर, खालून! खालून लय चांगली हाय!" ऋतिका.

"सर, तितं नका," वाल्मीक पुटपुटला, "पाया पडतो."

यांना रंगाची एवढी माया, असं सरांना वाटलं आणि ते आणखी चिडले. जो थर आपण स्वतः रचला तोच दाखवायचा, असं ठरवून त्यांनी छातीइतक्या उंचीवर हातोडी घातली. चार घाव, पाच घाव. हिरवा खपला पडला. मग वाल्मीकनं फासलेला माल पडला. हातानं धूळ झाडून सर अभिमानानं बाजूला झाले. "बघा."

सगळ्यांनी बघितलं. सरांनीही बघितलं.

कोपऱ्यातली पहिली वीट होती. तिच्या शेजारी दुसरी अख्खी वीट होती. राणी नव्हती. खालच्या थराचा सांधा वर चढला होता, सरांच्या थरातून सरळ गेला होता आणि वरच्या थरात पोचला होता. तीन थर, एक रेघ. ओळंबा लावून काढल्यासारखी.

तरुण गृहस्थ पुढं वाकले. "हा थर कोणी रचला?"

"मी," वैष्णवी म्हणाली.

"मी रचला सर," ऋतिका म्हणाली.

"मिस्त्री मी हाय," वाल्मीक म्हणाला, "चूक माझी."

तेव्हा कुठं सरांच्या डोक्यात उजेड पडला. पोरं फिरली नव्हती. त्यांनी मुकाट्यानं सरांची अब्रू गिलाव्यात पुरली होती, वर पिस्ता रंग दिला होता. आणि ती आपण आपल्याच हातानं उकरून काढली. त्यांना रडू यायला लागलं, हसूही यायला लागलं, आणि दोन्हींपैकी काही करण्याइतकं तोंड उरलं नव्हतं.

"मी रचला," सर म्हणाले. "तेवीस वर्षं हा विषय शिकवतोय. या चुकीला मी पाच मार्क कापतो." मग सवयीनं त्यांचा हात सांध्यावरून वर गेला. "ही रेघ बघा. हिच्यावर वजन आलं की भिंत इथून उभी फाटेल. वैष्णवी, काय करायला पाहिजे होतं?"

वैष्णवीनं सांगितलं. ऋतिकानं हातोडी घेऊन डावीकडचा गिलावा पाडला आणि आपला थर दाखवला. मग बाकीची पोरं धावली. अर्ध्या तासात पिस्ता रंग खाली आणि भिंत उघडी. बजरंगराव तुळशीची कुंडी धरून उभे होते. बाईंनी प्रत्येकाला प्रश्न विचारले आणि प्रत्येकाला उत्तर आलं. पोरांचा एकही थर चुकला नव्हता.

अहवाल पंधरा दिवसांनी आला. त्यात लिहिलं होतं, की बांधकामाची तत्त्वे हा विषय प्रत्यक्ष बांधकामातूनच शिकवावा, तास दुप्पट करावेत आणि तो कऱ्हाळे यांच्याकडेच ठेवावा. खाली एक ओळ होती: 'विषय शिक्षकांनी कुशल कारागिराकडे एक सत्र वीटकाम शिकावे.' बजरंगरावांनी ती ओळ दोनदा मोठ्यानं वाचली. मुंजाजींनी हे प्रशिक्षण कोणत्या सदरात घ्यायचं म्हणून फाईल उघडली.

बुधवारी दुपारी सर जुना शर्ट घालून भिंतीपाशी आले. पोरं आधीच जमली होती. वाल्मीकनं वरच्या थरांसकट त्यांचा थर उतरवून ठेवला होता आणि विटा भिजवून तयार.

"वाल्मीक," सर हलक्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी बोलला काहून नाहीस?"

"तुमी सर हाव. सरांला कसं बोलावं?"

"आणि आता?"

वाल्मीकनं थोडा विचार केला. "आता तुमी बिगारी हाव," तो म्हणाला, आणि घमेलं त्यांच्या पुढ्यात सरकवलं. सरांनी माल घेतला, पहिली वीट ठेवली, चिरलेली वीट शोधून तिच्या शेजारी ठेवली, मग तिसरी. कंबर आत्ताच धरली होती. मागं पोरं श्वास रोखून उभी होती.

"हं," वाल्मीक म्हणाला.

तो चुकीचा हं होता. सरांनी वीट काढली, पुसली आणि परत ठेवली.